सिगरेटवरचे अवलंबित्व कसे मोजावे? (फागरस्ट्रॉम प्रश्नावली आणि आपल्याकडचे अनुभव)

तिन्हीसांज (धागाकर्ती)

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या आरोग्य विभागात मी समुपदेशक म्हणून काम करते. वार्षिक तपासणीच्या छापील अर्जात व्यसनासाठी एकच ओळ असते: धूम्रपान करता का, आणि करत असल्यास दिवसाला किती. त्या ओळीत आकडा भरला गेला की कामगार स्वतः, त्याच्या घरची माणसे आणि अनेकदा तपासणारे डॉक्टरही त्याच आकड्यावरून व्यसनाची खोली ठरवून मोकळे होतात. ‘आठच ओढतो, म्हणजे काही विशेष नाही’ किंवा ‘रोज पाकीट संपवतो, आता याचे काही खरे नाही’ ही वाक्ये माझ्या टेबलासमोर सतत ऐकू येतात. हा आकडा एकट्याने फार थोडे सांगतो आणि त्याच्यावर विसंबल्यामुळे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच नजरेतून सुटतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. पहिला दिवसाला ८ सिगरेटी ओढतो. त्यातली पहिली तो डोळे उघडल्याबरोबर, चूळ भरण्याआधी, गॅलरीत उभा राहून ओढतो. पुढच्या दोन-तीनही कामावर पोहोचेपर्यंत संपलेल्या असतात. आणि तापाने फणफणलेला असला तरी भिंतीला धरून गॅलरीपर्यंत जातोच. दुसरा दिवसाला १५ ओढतो, पण दुपारच्या जेवणापर्यंत त्याला सिगरेटची आठवणही होत नाही. त्याचा सगळा कारभार दुपारनंतर चहाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी टपरीवर चालतो, आणि सर्दी-खोकला झाला की चार दिवस तो सिगरेटीला हातही लावत नाही. अर्जातल्या ओळीप्रमाणे दुसरा अधिक व्यसनी ठरतो. प्रत्यक्षात सोडायची वेळ आली की पहिल्याची अवस्था बिकट होते.

याचे कारण शरीरात आहे. झुरका घेतल्यावर निकोटीन फुफ्फुसांतून रक्तात आणि तेथून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण २ तासांत निम्मे होते, त्यानंतरच्या २ तासांत त्याचेही निम्मे, आणि रात्रभराच्या झोपेनंतर ते अगदी तळाला गेलेले असते. दिवसभर निकोटीनच्या माऱ्याने सुस्तावलेले मेंदूतले रिसेप्टर (निकोटीन ज्यांना जाऊन चिकटते ते ग्राही) रात्रीच्या या खंडात पुन्हा जागे होतात आणि सकाळी मागणी करू लागतात. ज्याचा मेंदू निकोटीनला जितका सरावलेला, त्याला उठल्यावर तितक्या लवकर ही मागणी पुरी करावी लागते. म्हणून उठल्यापासून पहिल्या सिगरेटपर्यंत जाणारा वेळ हा अवलंबित्वाचा सर्वांत बोलका पुरावा मानला जातो.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८ मध्ये ८ प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली. पुढे १९९१ मध्ये हेदरटन, कोझलोव्स्की, फ्रेकर आणि स्वतः फागरस्ट्रॉम यांनी ती तपासून ६ प्रश्नांवर आणली, आणि आज जगभर वापरली जाते ती हीच. पहिला प्रश्न अर्थातच उठल्यावर किती वेळाने पहिली सिगरेट ओढता हा आहे: ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, ३१ ते ६० मिनिटांत १, आणि तासाभरानंतर असेल तर शून्य. दुसरा, जिथे मनाई आहे तिथे स्वतःला आवरणे कठीण जाते का. हो असेल तर १ गुण. तिसरा, कोणती सिगरेट सोडणे सर्वांत जिवावर येईल. सकाळची पहिली असे उत्तर असेल तर १, दुसरी कोणतीही असेल तर शून्य. चौथा संख्येचा आहे: १० पर्यंत शून्य, ११ ते २० असतील तर १, २१ ते ३० असतील तर २, त्याहून जास्त असतील तर ३. पाचवा, उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उरलेल्या दिवसापेक्षा अधिक वेगाने ओढता का. हो असेल तर १. सहावा, आजारी पडून दिवसभर अंथरुणाला खिळलेले असतानाही ओढता का. हो असेल तर १.

एकूण १० गुण. २ पर्यंत अवलंबित्व अगदी कमी, ३ ते ४ कमी, ५ मध्यम, ६ ते ७ जास्त आणि ८ ते १० फार जास्त, अशी सर्वसाधारण वर्गवारी करतात. वर सांगितलेल्या ८ सिगरेटवाल्याला मनाईच्या जागी आवरणे जमते असे धरले तरी त्याचे ६ गुण होतात, आणि १५ वाल्याचा फक्त १.

प्रश्न सोपे दिसतात, पण ते विचारण्यात खरे कसब आहे. ‘पहिली कधी ओढता’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘चहा झाल्यावर’ असे येते. त्यावर ‘म्हणजे तासाभराने’ असे लिहून मोकळे होणे चूक आहे. मी विचारते: उठता किती वाजता, उठल्यावर पहिल्यांदा काय करता, चहा कोण टाकते, चहाचा कप हातात असतानाच पेटवता की नंतर? या वाटेने गेले की ‘चहा झाल्यावर’ची बारा-पंधरा मिनिटे निघतात. दुसरे नेहमीचे उत्तर असते, ‘एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ संकोचाने सांगितलेले हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण त्यातून पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळून जाते.

आपले अनुभव, शंका आणि मतभेद अवश्य मांडावेत.

ओंजळ

लेख आवडला. एक अडचण मांडतो. आम्ही एकत्र कुटुंबात राहतो. वडिलांसमोर सिगरेट ओढणे सोडाच, मी ओढतो हे त्यांना माहीत आहे असे दाखवणेही आमच्या घरात शक्य नाही. सकाळी उठल्यापासून मी घड्याळाकडे पाहत असतो. दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडतो आणि दुधाच्या पिशव्या घेण्याआधी कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबतो. उठल्यापासून ते होईपर्यंत पाऊण तास जातो. म्हणजे पहिल्या प्रश्नाला मला १ गुण मिळतो. पण तो पाऊण तास माझ्या शरीराने ठरवलेला नाही, घराने ठरवलेला आहे. कामानिमित्त परगावी लॉजवर उतरतो तेव्हा डोळे उघडले की हात आधी पाकिटाकडे जातो. मग खरे उत्तर कोणते धरावे?

तिन्हीसांज

ओंजळ, तुमचा प्रश्न मूळ प्रश्नावलीच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवणारा आहे. ती बेतली गेली तेव्हा माणूस स्वतःच्या घरात मोकळेपणाने ओढतो असे गृहीत होते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा धाक, लहान घरे, आणि बायकांच्या बाबतीत तर संपूर्ण लपवाछपवी असते. त्यामुळे पहिल्या सिगरेटची वेळ अनेकदा मोकळीक कधी मिळते यावर ठरते. गुण प्रत्यक्ष वागण्यावरच द्यावेत, नाहीतर दोन माणसांची किंवा एकाच माणसाची दोन वेळची तुलना करता येत नाही. पण त्या आकड्याशेजारी मी नेहमी एक टीप लिहिते: एकटे असताना किंवा परगावी असताना पहिली सिगरेट किती वेळाने. तुमच्यासारख्या माणसाला मदत ठरवताना मी त्या टिपेला अधिक वजन देईन. पाऊण तास घड्याळाकडे पाहत काढणे हीच एक मोठी खूण आहे.

सह्यवारा

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. धागाकर्तीने विषय नेमका मांडला आहे, त्यात थोडी भर घालतो.

गर्दीच्या ओपीडीत सहा प्रश्न विचारायला वेळ नसतो, म्हणून आम्ही पहिला आणि चौथा असे दोनच प्रश्न विचारतो. हेदरटन आणि सहकाऱ्यांनीच १९८९ मध्ये हा ६ गुणांचा छोटा निर्देशांक मांडला होता. प्रश्नावलीची भाकीत करण्याची ताकद मुख्यतः या दोन प्रश्नांत आहे. राहिलेल्या चार प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी फारशी घट्ट जुळत नाहीत, ही टीका संशोधकांनी अनेकदा केली आहे आणि ती रास्त आहे. तरीही मी आजारपणाचा प्रश्न सोडत नाही. दम्याच्या किंवा न्यूमोनियाच्या रुग्णाने नाकात ऑक्सिजनची नळी असताना जिन्यात जाऊन यायची परवानगी मागितली, तर त्याला कोणते उपचार लागतील याचा मला दुसऱ्या कोणत्याही प्रश्नापेक्षा त्या मागणीतून अधिक अंदाज येतो.

संख्येवर विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे. एका सिगरेटमधून किती निकोटीन काढायचे हे ओढणारा नकळत ठरवतो. संख्या कमी केली की तो झुरके लांब आणि खोल घेतो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढतो. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगरेटींच्या फिल्टरवर हवा मिसळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बोटांनी किंवा ओठांनी झाकली जातात आणि शरीराला हवे तेवढे निकोटीन मिळून जाते. १९७८ च्या प्रश्नावलीत सिगरेटच्या ब्रँडमधल्या निकोटीनबद्दल आणि धूर आत घेण्याबद्दल प्रश्न होते, ते १९९१ मध्ये गाळले गेले. त्यांच्यामुळे अंदाज सुधारत नव्हता. त्यामुळे ‘मी लाइट ओढतो’ या उत्तराला मूल्यमापनात काहीही जागा नाही.

शरीर निकोटीन किती वेगाने जाळते यातही माणसामाणसांत फरक असतो. हे काम मुख्यतः यकृतातील एक विकर (एन्झाइम) करते आणि त्याचा वेग बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतो. स्त्रियांमध्ये हा वेग सरासरीने अधिक असतो, गर्भावस्थेत तो आणखी वाढतो. ज्याचा वेग अधिक, त्याला पुढची तलफ लवकर येते.

रक्त, लघवी किंवा लाळेतून कोटिनिन तपासता येते. निकोटीनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ निम्मा व्हायला साधारण १६ तास लागतात, त्यामुळे तो गेल्या दोन-तीन दिवसांचा हिशेब देतो. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजायचे छोटे यंत्र त्याहून सोपे आहे, पण ते गेल्या काही तासांपुरतेच सांगते. या दोन्ही तपासण्या शरीरात किती गेले ते सांगतात. माणूस त्यावाचून किती कासावीस होतो ते सांगत नाहीत. त्यासाठी समोर बसून विचारावेच लागते.

मोगरा_अंगणी

माझे यजमान स्वतः काहीच सांगत नाहीत. त्यांच्या वतीने मी ही प्रश्नावली भरली तर चालेल का? मला त्यांच्या सवयी पाठ आहेत. ते किती वाजता उठतात, कोणत्या खिडकीशी उभे राहतात, पाकीट कोणत्या कप्प्यात असते, सगळे ठाऊक आहे. ते स्वतः दिवसाला ‘पाच-सहा’ सांगतात. कपडे धुवायला टाकताना खिशात पाकिटे सापडतात त्यावरून मला तो आकडा खरा वाटत नाही.

तिन्हीसांज

ताई, तुमची तळमळ समजते. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या प्रश्नाबाबत घरच्या माणसाची माहिती उपयोगी पडते. त्यांच्यासोबत तुम्ही दवाखान्यात गेलात तर ती जरूर सांगा. पण मनाईच्या जागी आवरणे कठीण जाते का आणि कोणती सिगरेट सोडवत नाही, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. शिवाय पत्नीने भरलेला कागद नवऱ्यासमोर आला की तो आरोपपत्रासारखा वाचला जातो आणि पुढचे बोलणेच थांबते. त्याऐवजी एखाद्या निवांत वेळी फक्त एवढेच विचारा, ‘सकाळची ती पहिली नाही मिळाली तर नेमके काय होते?’ आणि त्यांचे उत्तर मध्ये न बोलता ऐका. डोके जड होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही, यांपैकी जे काही ते सांगतील तेच खरे मूल्यमापन आहे. आकडा नंतर डॉक्टरही काढतील.

भरतीओहोटी

मी स्वतः प्रश्नावली भरून पाहिली, मोकळेपणाने लिहितो. पहिली सिगरेट ५ मिनिटांच्या आत: ३. मनाईच्या जागी आवरत नाही, मध्यंतराच्या आधीच नाट्यगृहातून बाहेर येतो: १. सकाळचीच सोडवणार नाही: १. दिवसाला १२ होतात: १. सकाळी अधिक वेगाने ओढतो असे म्हणता येणार नाही, सगळा दिवस सारखाच जातो: शून्य. आजारपणात ओढतो. डेंग्यूने अशक्त झालो होतो, जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, तरी खाली जाऊन आलो: १. एकूण ७ झाले.

आजवर मला वाटत होते की पाकीटभर ओढणाऱ्यांच्या तुलनेत माझे बरे आहे. हा आकडा पाहून मन खचले. ७ गुण म्हणजे माझ्याने सुटणार नाही असा त्याचा अर्थ आहे का?

सह्यवारा

भरतीओहोटी, तसा अर्थ मुळीच नाही, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. हे गुण इच्छाशक्ती मोजत नाहीत. सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीर किती त्रास देईल आणि त्यासाठी किती तयारी ठेवावी लागेल, एवढेच ते सांगतात. जास्त गुण असलेल्यांचे केवळ मनाच्या बळावर केलेले प्रयत्न अधिक वेळा फसतात हे खरे आहे. म्हणूनच त्यांनी औषधांशिवाय लढू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा. निकोटीनचे च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळते. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमची मात्रा लागते. तुमच्या बाबतीत २ मिलिग्रॅमचे घेऊन ‘काही उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघण्याची दाट शक्यता आहे, आणि असे अनेकांचे होते. ते नेहमीच्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून, झणझणीत चव आली की गालाशी दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. त्याच्या आधी किंवा सोबत कॉफी वा लिंबू सरबत घेतल्यास तोंडातून निकोटीन नीट शोषले जात नाही. दिवसाला १० हून अधिक ओढणाऱ्याला त्वचेवर लावायची २१ मिलिग्रॅमची पट्टी देतात, आणि अवलंबित्व जास्त असेल तर पट्टी आणि च्युइंगम दोन्ही एकत्र दिले जाते. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; त्यांत निकोटीनचे हे पर्याय, या दोन गोळ्या आणि सायटिसिन हे औषध यांची शिफारस आहे, आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन असावे असे म्हटले आहे.

सोडल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. ७ गुणांच्या माणसाने ते दिवस कोणते असतील हे आधी ठरवावे, औषध आधी आणून ठेवावे. तुमचा आकडा तुम्हाला आज कळला हे मला चांगलेच वाटते.

रातवा

माझी रात्रपाळी असते. सकाळी आठला झोपतो, दुपारी दोन-अडीचला उठतो. दर पंधरवड्याला पाळी बदलते. पहिल्या आणि पाचव्या प्रश्नाचे मी काय करायचे? शिवाय जागे राहण्यासाठी पहाटे तीन ते पाच या वेळेत सर्वांत जास्त ओढल्या जातात.

तिन्हीसांज

प्रश्नावलीत घड्याळातली सकाळ महत्त्वाची नाही, झोपेतून उठणे महत्त्वाचे आहे. दुपारी अडीचला उठत असाल तर तीच तुमची सकाळ धरा आणि तिथून मिनिटे मोजा. तिसऱ्या प्रश्नातही ‘सकाळची पहिली’ म्हणजे उठल्यानंतरची पहिली समजा. पाळी बदलण्याच्या दिवसांतले उत्तर घेऊ नका, त्या दिवसांत झोपेचाच ठिकाणा नसतो. एकच पाळी निदान आठवडाभर चालू असताना भरा. पहाटे तीन ते पाचच्या सिगरेटी वेगळ्या लिहून ठेवा. त्या झोप घालवण्यासाठी आहेत आणि त्यांच्यासाठीचा उपाय वेगळा असेल.

टेंभुर्णी

माझे मूळ गाव सिन्नर तालुक्यात आहे. आमच्या भागात सिगरेटपेक्षा विडी जास्त चालते, आणि विडी ओढणारे अनेकजण जोडीला तंबाखू-चुनाही मळतात. वडिलांचा हिशेब सांगतो: दिवसाला सात-आठ विड्या, आणि मधल्या वेळेत तंबाखूचा बार गालात. विड्यांवरून प्रश्नावली भरली तर त्यांना ३ गुण मिळतात, म्हणजे ‘कमी’. पण त्यांच्या चंचीतला तंबाखू संपला आणि दुकान बंद असले तर घरात कोणी त्यांच्याशी बोलू शकत नाही, अशी अवस्था होते. येथे सगळी चर्चा सिगरेटची आहे, पण आपल्या राज्यात सिगरेटवाले आहेत तरी किती?

सह्यवारा

टेंभुर्णी, हा मुद्दा मांडलात हे फार चांगले झाले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. धूर ओढणारे १०.७ टक्के आणि धूरविरहित घेणारे २१.४ टक्के होते. धूर ओढणाऱ्यांतही विडीवाले ७.७ टक्के आणि सिगरेटवाले ४ टक्के. महाराष्ट्रात तर खाणाऱ्यांचे प्रमाण ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे सिगरेटची प्रश्नावली जशीच्या तशी लावली की आपल्याकडे चुका होणारच.

विडीत तंबाखू कमी असतो, पण ती पटकन विझते, म्हणून वारंवार आणि जोर लावून ओढावी लागते. ‘एवढीशी तर विडी’ म्हणून सूट देण्याचे कारण नाही. वडिलांच्या बाबतीत मुख्य प्रश्न असा विचारायचा: उठल्यावर विडी किंवा तंबाखू यांपैकी जे पहिले तोंडात जाते, ते किती वेळाने? ते मशेरी लावत असतील तर तीही धरायची. दात घासण्याच्या नावाखाली निकोटीनची पहिली मात्रा तिथेच जाते आणि बायकांच्या बाबतीत तर बहुधा ती कोणी मोजतच नाही. धूरविरहित तंबाखूसाठी फागरस्ट्रॉम प्रश्नावलीचे वेगळे रूप उपलब्ध आहे. त्यात तंबाखूचा रस गिळता का आणि आठवड्याला किती पुड्या लागतात असे प्रश्न असतात. दोन्ही घेणाऱ्याचे दोन्ही आकडे समोर ठेवून जो अधिक असेल त्याप्रमाणे मदत ठरवावी, असे मी करतो. आणि एक सांगतो: विडी सोडली आणि तंबाखू वाढला, तर ते सोडणे नव्हे.

पहिलीपाळी

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटातले बरेचजण फक्त शनिवारी किंवा सबमिशनच्या रात्री ओढतात. मी सर्वांना ही प्रश्नावली भरायला लावली. बहुतेकांना शून्य आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शून्य म्हणजे व्यसन नाही असे समजायचे का?

तिन्हीसांज

नाही, तसे समजू नये. तुझ्या मित्रांना हे जरूर सांग. ही प्रश्नावली रोज ओढणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. खालच्या टोकाला ती जवळजवळ आंधळी आहे. तरुणांसाठी अमेरिकेतील जोसेफ डिफ्रँझा आणि सहकाऱ्यांनी १० प्रश्नांची वेगळी सूची तयार केली, तिच्यात मिनिटे किंवा संख्या विचारलीच जात नाही. कधी सोडायचा प्रयत्न केला आणि जमले नाही असे झाले का, ओढावीशी वाटण्याची ओढ कधी अनावर झाली का, ओढता आली नाही म्हणून चिडचिड झाली का, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. त्यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तरी सिगरेटवरचा आपला ताबा थोडा का होईना सुटला आहे, असे मानतात. मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेतल्या ११ निकषांचा रोखही असाच आहे: ठरवल्यापेक्षा अधिक ओढली जाते का, त्रास होतो हे कळूनही चालू आहे का, तिच्यासाठी इतर गोष्टी सोडल्या जातात का. २ निकष लागू पडले तरी सौम्य विकार धरतात, ६ किंवा अधिक असतील तर तीव्र.

तुमच्या गटासाठी मी एकच प्रश्न सुचवते. ‘फक्त शनिवारी’ हा नियम गेल्या काही महिन्यांत किती वेळा मोडला, आणि मोडताना काय कारण दिले? पाकिटाऐवजी एकेक सुटी सिगरेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती सहज मिळते. एकेकच घेतली जात असल्यामुळे हिशेब राहत नाही, पाकीट संपल्याची जाणीवही होत नाही.

मोगरा_अंगणी

तुमचे ऐकून विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘चहा गोड लागत नाही.’ आणखी काही बोलले नाहीत, पण चिडलेही नाहीत. चहाचा आणि सिगरेटचा खरोखर इतका संबंध असतो का? त्यांचा चहा दिवसातून पाच-सहा वेळा होतो.

सह्यवारा

ताई, संबंध दोन प्रकारचा आहे. एक सवयीचा: कप हातात आला की मेंदू सिगरेटची वाट पाहू लागतो. चहाबरोबरची सोडवत नाही पण सकाळी उठल्याउठल्या लागत नाही, असे सांगणाऱ्यांत सवयीचा वाटा मोठा आणि शारीरिक अवलंबित्वाचा कमी असू शकतो. तिसरा प्रश्न हेच वेगळे करण्यासाठी आहे. त्यांना लागते ती पहिल्या चहाबरोबरची की प्रत्येक चहाबरोबरची, हे विचारून पाहावे.

दुसरा संबंध फारसा कोणाला माहीत नसतो. सिगरेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीन अधिक वेगाने जाळते. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांत कमी होतो, आणि पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेऊनही रक्तातले कॅफीन वाढते. छातीत धडधड, बेचैनी, झोप न लागणे ही लक्षणे मग सिगरेट सोडल्यामुळे झाली असे समजून माणूस पुन्हा ओढू लागतो. सोडण्याच्या आठवड्यापासून त्यांचे चहाचे कप निम्मे करावेत, विशेषतः संध्याकाळचे. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर तेही याच कारणाने रक्तात वाढू शकते, म्हणून सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवावा.

ओंजळ

दोघांनाही एक विचारतो. मी दिवसाला २० वरून ९ वर आलो आहे. संख्येच्या प्रश्नाचा माझा गुण १ वरून शून्यावर आला. याला सुधारणा म्हणावे का? आणि प्रश्नावली किती दिवसांनी पुन्हा भरावी?

तिन्हीसांज

२० वरून ९ वर येणे कष्टाचे आहे, त्याची नोंद मी नक्की घेईन. पण सुधारणा ठरवताना कोणत्या ९ उरल्या ते मी पाहीन. दुपारच्या आणि गप्पांमधल्या गेल्या आणि दूध आणतानाची, आंघोळीनंतरची, ऑफिसला पोहोचल्याबरोबरची अशा पहाटेपासून दहापर्यंतच्या सगळ्या तशाच राहिल्या असतील, तर सवयीचा भाग गळाला आहे आणि अवलंबित्व जवळपास होते तिथेच आहे. त्यातही उरलेल्या ९ अधिक खोल ओढल्या जात असतील, तर डॉक्टरसाहेबांनी वर सांगितले तसे निकोटीन फारसे घटलेलेही नसेल. उलट, संख्या तीच राहूनही पहिली सिगरेट पाऊण तासावरून दोन तासांवर गेली, तर मी ती मोठी सुधारणा मानेन.

प्रश्नावली महिन्याने पुन्हा भरायला हरकत नाही; दर आठवड्याला भरून काही हाती लागत नाही. मधल्या काळात फक्त पहिल्या सिगरेटची वेळ एका कागदावर रोज लिहा, परगावी असाल त्या दिवशीची वेगळी. पूर्ण सोडल्यानंतर मात्र ही प्रश्नावली लागूच होत नाही. तेव्हा तलफ दिवसातून किती वेळा येते, किती वेळ टिकते आणि झोप कशी आहे हे पाहतात. सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ ही आहे, तिचा क्रमांक सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, आणि मुंबईचे टाटा मेमोरियल हे तिच्या केंद्रांपैकी एक आहे. फोन कराल तेव्हा तो वेळांचा कागद समोर ठेवा. समुपदेशक बहुधा उठल्यावर किती वेळाने, हेच सर्वांत आधी विचारतील.